गोठ्यात बासरी लावली, तरी गाय पान्हा का चोरते?

प्रश्न: आम्ही फलटण तालुक्यात राहतो. सात संकरित एचएफ (होल्स्टीन फ्रीजियन) गायी आणि दोन पंढरपुरी म्हशी आहेत. गायींची धार मशीनने काढतो, म्हशींची मी हाताने. बासरी ऐकवली की गाय दोन-तीन लिटर जास्त देते, असा व्हिडिओ मुलाने पाहिला. त्याने घरातला जुना ॲम्प्लिफायर आणि मोठा स्पीकर गोठ्यात बसवला. वायर गव्हाणीच्या लोखंडी पाइपावरून ओढली आहे. पहाटे साडेचारपासून रात्री दहापर्यंत मोबाइलवरून बासरी आणि भजनं चालू असतात. तीन आठवडे झाले. सहा गायींत काहीच फरक नाही. दावणीच्या टोकाची गाय मात्र १४ लिटरवरून ११ वर आली, धारेला लाथा झाडते, हौदाला तोंड लावते आणि झटकन मागे घेते. एक म्हैस पान्हा चोरायला लागली, म्हणजे दूध वरच धरून ठेवते, आणि तिच्या दुधाची फॅट ६.८ वरून ५.९ वर आली. शेजारी म्हणतात, इंजेक्शन द्या. एक जण गोठ्यासाठी खास साउंड सिस्टिम १८ हजारांत बसवून देतो म्हणतो. ती घ्यावी का? राग कोणता लावावा, किती वेळ आणि किती आवाजात?

उत्तर: ताई, रागाचं नंतर बघू. आज संध्याकाळच्या धारेआधी तो ॲम्प्लिफायर बंद करा, नुसतं बटण नको, प्लगच बोर्डातून काढा. मग टोकाची गाय हौदावर पाणी कसं पिते ते बघत उभ्या राहा. वायर लोखंडी पाइपावरून गेलीय, त्रास एकाच जागेवरच्या गायीला आहे आणि ती पाण्याला तोंड लावून मागे घेते. या तीन गोष्टी एकत्र वाचल्या की पहिला संशय गाण्यावर जात नाही, वायरीवर जातो.

जुन्या ॲम्प्लिफायरमधून किंवा पाइपावर घासून सोललेल्या वायरीतून थोडा करंट लोखंडात उतरतो. आपण पाइपाला हात लावला तर काही जाणवत नाही, कारण पायात चप्पल असते आणि हात कोरडा असतो. गाय ओल्या काँक्रीटवर चार उघड्या खुरांवर उभी असते आणि तिचं ओलं नाक पाण्याला लागतं. तिच्या शरीराचा विद्युतरोध साधारण ५०० ओहम धरतात. म्हणजे हौद आणि जमीन यांच्यात नुसते २ व्होल्ट असले, तरी तिच्या अंगातून ४ मिलिअँपिअर जातात. एवढ्यावर बऱ्याच गायी दचकतात. मग त्या पाणी कमी पितात, आणि पाणी कमी झालं की दूध आलंच खाली. मशीनचे कप लावताना पाय पाइपाला टेकला की लाथ बसते, आणि आपण म्हणतो गाय खोडसाळ झाली.

तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. तो एसी व्होल्टवर ठेवा. एक टोक हौदातल्या पाण्यात धरा आणि दुसरं गायीचे पाय पडतात तिथे. जमिनीवर ओलं फडकं, त्यावर तळहाताएवढी लोखंडी पट्टी, पट्टीवर पाय देऊन टोक तिला टेकवा. तसंच हौदाऐवजी गव्हाणीचा पाइप धरून बघा. आधी सगळं चालू ठेवा: ॲम्प्लिफायर, मशीनचा पंप, पंखे, मोटर. मग एकेक बंद करत जा. कशाने आकडा पडतो ते लगेच कळेल. १ व्होल्टच्या वर आकडा दिसला तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. अर्थिंग नीट करून घ्या, बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवा, आणि वायर प्लॅस्टिकच्या नळीतून ८ फुटांवरून न्या, लोखंडाला कुठेही न टेकता. हे काम मुलाकडून करून घेऊ नका. ओल्या गोठ्यात विजेशी खेळणं माणसाच्याही जिवावर बेततं.

मीटर शून्य दाखवत असेल तर त्याच दिवशी त्या गायीची कास बघा. तीन आठवड्यांत तीन लिटर उतरणं हे वेतातल्या नेहमीच्या उतरणीपेक्षा जास्त आहे. व्याल्यानंतर दुसऱ्या महिन्याच्या आसपास दूध शिखरावर जातं आणि पुढे महिन्याला साधारण ८ ते १० टक्क्यांनी कमी होतं. त्या हिशेबाने १४ ची १३ व्हायला हवी होती, ११ नाही. सुप्त कासदाहात, म्हणजे कासेच्या छुप्या आजारात, दूध दिसायला चांगलं असतं, सूजही नसते, फक्त उतारा घटतो आणि सडाला हात लावू देत नाही. डॉक्टरांकडून चारही सडांची सीएमटी, म्हणजे कासदाह ओळखायची, चाचणी करून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे.

आता संगीताकडे येऊ. त्याच्याकडून अपेक्षा चुकीच्या जागी ठेवली जाते. दूध कासेत दोन धारांच्या मधल्या तासांत तयार होतं. ते किती व्हायचं हे चारा, पाणी, वेत, उष्णता आणि आरोग्य ठरवतात. बासरीने त्यात भर पडत नाही. कानाचा संबंध येतो तो पान्ह्याशी, म्हणजे तयार झालेलं दूध खाली सोडण्याशी. कासेला हात लागला, बादली वाजली, आंबोणाचा वास आला की मेंदूतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात सुटतं, मिनिट-दीड मिनिटात कासेपर्यंत पोहोचतं आणि दुधाच्या बारीक पिशव्यांभोवतालच्या पेशी आवळून दूध खाली ढकलतं. जनावर भ्यालं की दोन ठिकाणी घोटाळा होतो. मेंदू ऑक्सिटोसिन सोडतच नाही किंवा कमी सोडतो. आणि सोडलं तरी भीतीच्या वेळी सुटणाऱ्या ॲड्रेनलिनमुळे कासेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात, ते पेशींपर्यंत पुरेसं पोहोचत नाही. १९४१ मध्ये एली आणि पीटरसन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी धारेच्या वेळी गायीच्या पाठीवर मांजर ठेवून आणि कागदी पिशव्या फोडून हे दाखवलं होतं. पुढे १९९९ मध्ये रशेन आणि सहकाऱ्यांनी बघितलं की गायीला मारहाण करणारा माणूस धारेच्या वेळी नुसता जवळ उभा राहिला, तरी कासेत मागे राहणारं दूध ७० टक्क्यांनी वाढतं. त्याने त्या वेळी हातही लावलेला नव्हता.

म्हणून संगीताचा उपयोग एवढाच, पण तो खरा आहे: भीती कमी ठेवणं, आणि धारेची वेळ झाली हे जनावराला कळवणं.

व्हिडिओत ज्याचा हवाला बहुतेक वेळा देतात तो इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञांचा २००१ चा प्रयोग. हजार फ्रीजियन गायी, नऊ आठवडे, दिवसाचे बारा तास संगीत. मिनिटाला १०० ठोक्यांच्या आतलं मंद संगीत लावलं तेव्हा १२० ठोक्यांच्या वरच्या जलद संगीतापेक्षा गायीमागे दिवसाला ०.७३ लिटर, म्हणजे सुमारे ३ टक्के दूध जास्त मिळालं. हा फरक मंद आणि जलद यांच्यातला आहे, हे लक्षात ठेवा. तुमच्या १४ लिटरच्या गायीला ३ टक्के म्हणजे अर्ध्या लिटरपेक्षा थोडं कमी, साधारण ४०० मिलिलिटर. दोन-तीन लिटर म्हणजे १५ ते २० टक्के. तेवढं गाण्याने वाढतं असं सांगणाऱ्याकडून काहीही विकत घेऊ नका. ते १८ हजार वाचवा. त्यातल्या थोड्या पैशांत अर्थिंग होईल, उरलेल्यात खनिज मिश्रण आणि एक चांगला पंखा येईल. उन्हाळ्यात एचएफच्या दुधाला त्याचा फायदा कुठल्याही रागापेक्षा जास्त आहे.

दुसरा अभ्यास कमी लोकांना माहीत आहे, पण तुमच्या कामाचा आहे. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात गायी यंत्रमानवाकडे धार द्यायला स्वतःहून येत होत्या. फक्त धारेच्या वेळेला संगीत लावायची सवय केल्यावर, संगीत सुरू झालं की जास्त गायी आपणहून यंत्राकडे येऊ लागल्या. म्हणजे संगीत इशारा म्हणून काम करतं. पण इशारा तेव्हाच इशारा राहतो जेव्हा तो इतर वेळी नसतो. तुमच्याकडे पहाटे साडेचार ते रात्री दहा, साडेसतरा तास बासरी चालू. त्यातून गायीला काय कळणार? शिवाय तिला दिवसाचे बारा तास तरी निवांत पडायला आणि सात-आठ तास रवंथ करायला लागतात. तेव्हा गोठा शांतच हवा.

कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर भर रस्त्यात, गाड्यांच्या आणि गिऱ्हाइकांच्या गलक्यात म्हशींच्या धारा काढतात आणि त्या पान्हा सोडतात. यावरून समजून घ्या की नुसता आवाज वैरी नाही. माणूस तोच, जागा तीच, वेळ तीच, क्रम तोच असला की म्हैस गोंगाटही पचवते. अनोळखी आणि अचानक आलेलं मात्र ती पचवत नाही.

तर असं करा. गाणं सकाळ-संध्याकाळ धारेच्या आधी १० ते १५ मिनिटं लावा आणि शेवटच्या जनावराची धार संपली की बंद करा. रोज तेच तुकडे, त्याच क्रमाने. गाणं सुरू झाल्यावर लगेच गव्हाणीत आंबोण टाका, म्हणजे दोन्हींची सांगड बसते. ती बसायला दोन-तीन आठवडे लागतात, तोवर निकाल शोधू नका. आणि एक पथ्य फार कडक पाळा: लसीकरण, रेतन, खुरं कापणं, सुई, असलं काही असेल तेव्हा गाणं लावायचं नाही. एकदा जरी बासरी आणि सुई यांची जोडी जमली, तरी बासरी ऐकून गाय अंग चोरते.

राग कोणताही चालेल. अमुक राग गायीला आवडतो असं कुणी सिद्ध केलेलं नाही. लय मंद हवी, आवाजाची पातळी सारखी हवी, मध्येच चढणारं काही नको. बासरी चालेल, सरोद चालेल, हळू आवाजातलं रेडिओवरचं बोलणंही चालेल. टाळ-झांजांची भजनं मात्र धारेच्या वेळी टाळा, मग ती कितीही प्रिय असोत. गाय ३५ हजार हर्ट्झपर्यंत ऐकते, आपण जेमतेम २० हजारांपर्यंत. आणि तिचा कान सगळ्यात तीक्ष्ण असतो ८ हजार हर्ट्झच्या आसपास. झांजेची किणकिण, पत्र्याची खणखण, लोखंडी फाटकाची किंचाळी, मशीनचा कप सडावरून सुटताना होणारा शीळेसारखा आवाज हे सगळं त्याच पट्ट्यात येतं, आपल्याला किरकोळ वाटतं आणि तिला टोचतं. ॲम्प्लिफायरवर ट्रेबलचं, म्हणजे बारीक टोकदार आवाज वाढवायचं, बटण असेल तर ते खाली घ्या. त्याच कारणाने बिजागऱ्यांना तेल घाला, सैल पत्रे आवळा, मशीनचा पंप भिंतीपलीकडे न्या आणि त्याच्या धुराड्याला सायलेन्सर बसवा. खरं तर हे आधी आणि बासरी नंतर.

आवाज एवढाच ठेवा की दावणीच्या मध्ये उभं राहून दोघांना आवाज न चढवता बोलता यावं. मोबाइलवरच्या आवाज मोजायच्या फुकट ॲपमध्ये साधारण ६० ते ६५ डेसिबल दिसेल. मोठा स्पीकर एका टोकाला ठेवला की जवळच्या जनावराच्या कानात ८० जातं आणि लांबच्याला काहीच कळत नाही. त्यापेक्षा दोन छोटे स्पीकर दोन टोकांना, ८-९ फुटांवर, भिंतीकडे किंचित वळवून लावा. पत्र्याला किंवा पाइपाला ते टांगू नका, खर्जाने पत्रा थरथरतो.

मोबाइलवरून गाणं लावू नये, हे तर पक्कं. बासरी संथ चाललेली असते, धार भरात आलेली असते आणि मध्येच दुप्पट आवाजात जाहिरात सुरू होते, किंवा फोन येऊन रिंग वाजते. बॅटरी उतरली की ब्लूटूथ स्पीकर स्वतःच मोठ्यांदा इंग्रजीत काहीतरी बोलतो. लाइट गेली-आली की ॲम्प्लिफायर 'धप्प' करतो. म्हशीच्या दृष्टीने हे म्हणजे कागदी पिशवी फोडणंच आहे. गाणी पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या, सगळ्यांचा आवाज सारखा करून. स्पीकर बॅटरीवर चालणारा घ्या, म्हणजे वायरीचा प्रश्न मिटतो आणि पहाटे लाइट नसली तरी इशारा चुकत नाही.

म्हशीचं जरा सविस्तर सांगायला हवं, कारण तिचं गणित वेगळं आहे. गायीच्या दुधापैकी सुमारे पाचवा हिस्सा सडाच्या वरच्या पोकळीत आधीच उतरलेला असतो. म्हशीत तो जेमतेम ५ टक्के असतो, बाकी सगळं पान्ह्यावर अवलंबून. म्हणून ती जरा दचकली की बादलीत काहीच पडत नाही, तशाच अवस्थेत गाय निदान थोडं तरी दूध देते. शिवाय म्हशीच्या सडाचं तोंड घट्ट असतं. पान्हा आला नसताना सड ओढत बसलं की तिला दुखतं आणि दुसऱ्या दिवशी ती आधीच अंग आखडून उभी राहते. तुमच्या म्हशीची फॅट उतरली हा याचाच पुरावा आहे. धारेच्या सुरुवातीचं दूध पातळ असतं, १-२ फॅटचं. शेवटचं सगळ्यात घट्ट. ती शेवटचं दूध कासेत ठेवते आहे, म्हणून ६.८ चं ५.९ झालं.

तिच्यासाठी आठवडाभर गोठ्यातलं गाणं पूर्ण बंद ठेवा. कोमट पाण्याच्या फडक्याने कास पुसा, मग दोन-तीन मिनिटं तळहाताने वरून खाली चोळा. सड फुगून ताठ झाले, त्यांची त्वचा तुकतुकीत दिसली की पान्हा आला. त्याआधी सड ओढायचा नाही. पारडू असेल तर त्याला समोर बांधा, चाटू द्या. पान्हा आल्यावर पाच-सात मिनिटांत धार संपवा, कारण ऑक्सिटोसिनचा जोर तेवढाच टिकतो; मध्ये उठून दुसरीकडे जाऊ नका. ती घाबरली असेल तर जबरदस्ती न करता अर्ध्या तासाने पुन्हा बसा. तुमचा स्वतःचा आवाजही वापरा, तिला नावाने हाक मारा. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या २००९ च्या पाहणीत, गायींना नावाने ओळखणाऱ्या गोठ्यांत गायीमागे वर्षाला २५८ लिटर दूध जास्त निघालं. नाव घेतल्याने दूध वाढतं असं नाही. नाव घेणारा माणूस जनावराजवळ शांतपणे जातो, फरक बहुधा त्याचा आहे.

इंजेक्शन देऊ नका, शेजारी काहीही म्हणोत. दूध काढण्यासाठी ऑक्सिटोसिन टोचणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ खाली गुन्हा आहे. आणि रोज टोचलं की म्हशीची स्वतःहून पान्हा सोडायची सवय मोडते, मग सुईशिवाय धारच निघत नाही.

हे सगळं जागेवर आलं आणि मुलाला तरीही संगीताचा उपयोग पडताळायचा असेल तर त्याला पडताळू द्या, त्याची उमेद चांगली आहे. पण मापून. १४ दिवस गाण्याशिवाय, पुढचे १४ दिवस गाण्यासह, त्यापुढचे १४ दिवस पुन्हा गाण्याशिवाय. प्रत्येक गायीचं सकाळ-संध्याकाळचं दूध वजनकाट्यावर किलोत मोजा. मापाने मोजलं तर फेस फसवतो. ४२ दिवस चारा, आंबोण, वेळ आणि धार काढणारा माणूस बदलायचा नाही. माजावर आलेली, आजारी किंवा नुकतीच लस टोचलेली गाय त्या दिवसांपुरती हिशेबातून वगळा. शेवटी मधल्या पंधरवड्याची सरासरी पहिल्या आणि तिसऱ्या पंधरवड्याच्या सरासरीशी ताडून बघा. समजा, एका गायीचं पहिल्यात १३.०, मधल्यात १२.९, शेवटी १२.२ आलं. पहिल्या आणि शेवटच्याची सरासरी १२.६, म्हणजे दूध घटलं असं दिसलं, तरी गाण्याच्या दिवसांत ३०० ग्रॅम वर होतं. नुसतं आधी-नंतर बघितलं असतं तर वेतातल्या उतरणीने चुकीचं उत्तर दिलं असतं. सातपैकी पाच-सहा गायींत फरक एकाच बाजूला झुकला तर त्याला अर्थ आहे. दोघींत वर, तिघींत खाली असं आलं तर काहीच घडलेलं नाही. सोबत रोज तीन गोष्टी वहीत लिहा: धारेला किती जणींनी लाथ झाडली, किती जणींनी धारेतच शेण टाकलं, आणि दुपारी दोन वाजता बसलेल्या गायींपैकी किती रवंथ करत होत्या. बसलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त रवंथ करत असाव्यात. लाथा कमी झाल्या आणि दूध तेवढंच राहिलं, तरी तो फायदाच समजा. धार काढणाऱ्याचे हात आणि गायीचे सड दोन्ही वाचतात.

दिवाळीच्या फटाक्यांत आणि गणपतीच्या मिरवणुकीत हीच सवय उपयोगी पडते. त्या दिवसांत संध्याकाळची धार तासभर लवकर घ्या, आणि बाहेर दणदणाट सुरू व्हायच्या आधीच ओळखीचं गाणं नेहमीपेक्षा थोड्या मोठ्या आवाजात चालू ठेवा. फटाका फुटल्यावर लावलं तर उशीर झालेला असतो. फक्त या बदलाचे दिवस वरच्या ४२ दिवसांत धरू नका.